सेकिने-सान गंमत लिहून घेतात

सराव
(गुण धरत नाहीत)

नेमबाजीत सुरुवातीच्या काही गोळ्या मोजत नाहीत. हात जागेवर यावा, श्वास जागेवर यावा, म्हणून त्या मारायच्या असतात. तेव्हा एवढं मोजू नका:

मी विभा. जपानात, निशी-कसाईत तिसऱ्या मजल्यावर राहते. घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासते. नवरा अंबरीष, कावासाकीला इंजिनिअर. मुलगी अक्षया, चौथीत. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जपानीत येतं.

मला पिस्तूल हवं होतं.

पुढचे आकडे गुण आहेत. दहापैकी. दिलेत मीच.


८

पिस्तूल म्हटलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग अंबरीषकडे. म्हणून कुठलं पिस्तूल ते सांगते.

कॉलेजात असताना मी पुण्यात एअर पिस्तूल चालवायचे. हवेच्या दाबावर उडणारी शिशाची बारीकशी गोळी, दहा मीटरवर कागद, कागदावर लिंबाएवढा काळा गोल. पिस्तूल कॉलेजचं. मी काही फार भारी नव्हते, जिल्ह्याच्या पलीकडे कधी गेले नाही. पण एक हात खिशात घालून, दुसरा लांब करून त्या गोलाकडे बघत उभं राहायला मला आवडायचं. तेवढा वेळ जगात तो गोल सोडून काही नसायचं. मग नोकरी, लग्न, जपान. कुणी सोड म्हणालं नाही. सुटलं.

इथे अक्षयाला वॉर्डाच्या क्रीडा केंद्रात पोहायला घेऊन गेले आणि जिना चुकून तळघरात उतरले. तिथे तीन-चार माणसं एक हात खिशात घालून उभी होती. मी दारातच थांबले. अक्षयाचा पोहण्याचा पहिला तास त्या दिवशी बुडाला.

ते प्रकाशाचं पिस्तूल होतं. घोडा दाबला की गोळी नाही, उजेड जातो आणि समोरच्या पडद्यावर ठिपका उमटतो. त्याला परवाना लागत नाही. मी रविवारी सकाळी जायला लागले. शिकवायला उचिकोशी-सान (सान म्हणजे आपलं बाई, साहेब, दोन्ही), वय सत्तरीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याएवढी. बऱ्याच रविवारांनंतर एकदा त्या माझ्या कोपराला दोन बोटं लावून म्हणाल्या, "विभा-सान, आता खरं घ्या."

खरं घेणं इथे सोपं नाही. साधा माणूस जपानात पिस्तूल बाळगू शकत नाही. खेळासाठी एअर पिस्तूल मिळतं, तेही अख्ख्या देशात पाचशेच जणांना. एक जण सोडतो तेव्हा दुसऱ्याला जागा. संघटनेची शिफारस लागते, लेखी परीक्षा लागते, डोकं ठिकाणावर आहे असं डॉक्टरचं पत्र लागतं, भिंतीला ठोकलेलं लोखंडी कपाट लागतं. हे सगळं करायला मला दीड वर्ष लागलं आणि मी ते मजेत केलं. परीक्षेत जपानी अक्षरं मला गोळ्यांपेक्षा जड गेली, पण पास झाले.

मग शेवटी पोलीस. माणूस शांत आहे का, घर शांत आहे का, हे ते स्वतः येऊन बघतात. नवऱ्याला विचारतात. शेजाऱ्यांना विचारतात.

सासूबाईंना फोनवर सांगितलं.

"पिस्तूल? कशाला गं? तिथे चोर आहेत?"

"नाही हो आई. खेळायला."

"मग कॅरम खेळ."

"तोही खेळते."

"अंबरीषला विचारलंस का?"

"त्याला पोलीस विचारणार आहेत."

"अगं बाई," त्या म्हणाल्या, आणि फोन सासऱ्यांच्या हातात गेला. त्यांनी एकच विचारलं, "कुठल्या कंपनीचं?"


२

आमच्या भागाच्या पोलीस ठाण्यात हे काम सेकिने-सान बघतात. पन्नाशीचे, नीट कापलेले केस, समोरचा काय बोलतो ते पूर्ण ऐकून मगच मान हलवणारे. शनिवारी आधी मला बोलावलं. नाव, काम, झोप लागते का, दारू पिता का, पिस्तूल का हवं. मी म्हटलं, उभं राहायला आवडतं म्हणून. त्यांनी लिहून घेतलं.

मग मी बाहेर आले आणि अंबरीष आत गेला. परत येताना तो जिन्यावरून शीळ वाजवत उतरला.

"कसं झालं?"

"फर्स्ट क्लास. हसवलं मी त्यांना."

"ते हसले?"

"मनातल्या मनात."

घरापर्यंतच्या रस्त्यात त्याने जे सांगितलं ते असं.

सेकिने-सान: पत्नीचा स्वभाव कसा आहे?

अंबरीष: आमच्या घरी तीच पंतप्रधान.

(लिहून घेतात.)

सेकिने-सान: त्या रागावतात का?

अंबरीष: रोज. चहाच्या आधी आणि चहाच्या नंतर.

(लिहून घेतात.)

सेकिने-सान: तेव्हा तुम्ही काय करता?

अंबरीष: पळतो. लग्न झाल्यापासून पळतोच आहे.

(लिहून घेतात.)

सेकिने-सान: त्यांच्याकडे पिस्तूल आलं तर तुम्हाला भीती वाटेल का?

अंबरीष: पिस्तुलाची कशाला? तिची एक नजर पुरते.

(बराच वेळ लिहितात.)

मी रस्त्यातच थांबले. मागून सायकलवर येणारी बाई घंटी वाजवून वळसा घालून गेली.

यात अंबरीषचा दोष किती, हे मला आजही ठरवता येत नाही. आमच्या मराठी मंडळात सगळे नवरे असंच बोलतात. गणपतीला, संक्रांतीला, कुणाच्या घरी भेळ खाताना. "हायकमांडला विचारून सांगतो." "घरी जायला हवं, नाहीतर जेवण बंद." बायका हसतात, एखादी परत टोला देते, पुन्हा सगळे हसतात. बायकोबद्दल चार लोकांत नीट काही बोलायचं झालं तर आपल्या माणसाला दुसरा रस्ताच माहीत नाही. फक्त तिथे समोरचा माणूस पेन घेऊन बसलेला नसतो.

मंगळवारी सेकिने-सानचा फोन आला. अगदी मऊ आवाजात, तीनदा माफी मागून ते म्हणाले की काही गोष्टींची पुन्हा खात्री करावी लागेल. ते शेजाऱ्यांशी बोलतील आणि मग घरी येतील. तोपर्यंत अर्ज थांबवला आहे.

उचिकोशी-सानना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नकार आला तर ही जागा दुसऱ्याला जाईल. पुन्हा कधी, सांगता येत नाही." त्यांनी माझ्या शिफारशीसाठी किती जणांना फोन केले होते ते मला माहीत होतं.


(गुण नाहीत. ही गोळी कुणी ऐकलीच नाही.)

त्या संध्याकाळी आम्ही भांडलो.

पण शेजारी होन्मा-सान राहतात. एकट्या, साठीच्या, आमच्या बैठकीच्या खोलीला लागून त्यांची बैठकीची खोली. भिंत पातळ. त्यांच्या टीव्हीवर हवामान सांगतात तेव्हा आम्ही छत्री काढून ठेवतो. आणि आता पोलीस त्यांना विचारणार होते.

म्हणून आम्ही कुजबुजत भांडलो.

"पोलीस होता तो! पाहुणा नव्हता!"

"हळू."

"हळूच बोलतेय!"

"अगं, गंमत केली मी."

"त्याने लिहून घेतली तुझी गंमत! ‘पळतो’ असं लिहिलंय तिथे. ‘लग्न झाल्यापासून’!"

"मग मी काय म्हणायला हवं होतं?"

"खरं."

"म्हणजे काय?"

तेवढ्या रागाने कुजबुजून माझा घसा बसला होता. मी उशी त्याच्याकडे फेकली, तीही आवाज होणार नाही अशी, खालून. त्याने ती झेलली आणि जपून सोफ्यावर ठेवली.

अक्षया दारात येऊन उभी राहिली. "नान्दे हिसोहिसो?" म्हणजे, का कुजबुजताय?

"काही नाही. झोप जा."

तिने दोघांकडे पाहिलं, खांदे उडवले आणि गेली. जाताना तीही पावलं न वाजवता गेली.

पुढे आठवडाभर घर तसंच राहिलं. कुकरच्या शिट्टीचीसुद्धा आम्हाला भीती वाटायला लागली. रविवारचा कॅरम बंद. सासूबाईंचा व्हिडिओ कॉल हेडफोन लावून. अंबरीष शिंकायला बाथरूममध्ये जायचा.


४

इथे कचरा वारांनी वाटलेला असतो; जाळायच्या कचऱ्याच्या दिवशी खाली होन्मा-सान भेटल्या. पिशवीवर कावळ्यांसाठीची जाळी नीट पसरून, हात पुसून त्या माझ्याजवळ आल्या.

"पोलीस आले होते," त्या म्हणाल्या. "तुमच्याबद्दल विचारत होते. मी सगळं खरं सांगितलं."

"त्रास दिला तुम्हाला, माफ करा."

"छे. मी सांगितलं, त्यांच्याकडे नेहमी मोठ्याने बोलतात. रविवारी दुपारी काहीतरी टक-टक वाजतं आणि सगळे ओरडतात आणि मग हसतात."

"तो खेळ आहे आमचा. कॅरम."

"असं होय! मला ते आवडतं. मी तेव्हा टीव्ही बंद करते." मग त्यांचा चेहरा बदलला. "पण विभा-सान, गेला आठवडाभर अगदी आवाज नाही. एकदा खूप हळू आवाजात कुणीतरी खूप वेळ बोलत होतं. मला काळजी वाटली. मी तेही सांगितलं."

मी वर आले तेव्हा अंबरीष बूट घालत होता.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, यांच्याकडे हल्ली आवाज येत नाही, हे बरं लक्षण नाही."

तो एका पायात बूट, एका पायात मोजा असा खाली बसला. आणि हसायला लागला. मी पण. किती दिवसांनी, मोठ्याने. भिंतीपलीकडे टीव्ही बंद झाल्यासारखं वाटलं.

पण अर्ज तिथेच अडकलेला होता.


श्वास
(घोडा दाबायच्या आधी अर्धा सोडायचा, अर्धा धरायचा)

शनिवारी सकाळी सेकिने-सान येणार होते. शुक्रवारी रात्री जेवताना मी अंबरीषला काहीच शिकवलं नाही. असं म्हण, तसं म्हण, काही नाही. त्याने दोनदा माझ्याकडे पाहिलं.

"तू सांगणार नाहीस, काय बोलू ते?"

"नाही."

"का?"

"तुझं तूच बोल."


१०

सेकिने-सान आले. बूट काढून दाराकडे टोकं करून ठेवले. आधी कपाट बघितलं. आम्ही ते भिंतीतल्या, गाद्या ठेवायच्या कपाटात बसवलं होतं, घरमालकाची परवानगी घेऊन. त्यांनी ते दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. हललं नाही. मान हलवली.

मग म्हणाले, पतीशी थोडं बोलायचं आहे, आपण कृपया दुसऱ्या खोलीत.

मी स्वयंपाकघरात गेले. मधलं सरकतं दार कागदाचं. एकीकडे चहा ठेवला, तांदूळ धुवायला घेतले.

"मागच्या वेळी आपण सांगितलं की पत्नी रोज रागावतात," सेकिने-सान म्हणाले. "शेजाऱ्यांनी सांगितलं की एरवी घर बोलकं असतं आणि गेला आठवडा शांत होतं. मला समजून घ्यायचं आहे. या घरात काय चाललं आहे?"

अंबरीषने घसा खाकरला. ते खाकरणं मला ओळखीचं आहे. त्याच्यानंतर नेहमी विनोद येतो. मी पाण्यात हात घातलेला, तसाच ठेवला.

विनोद आला नाही.

"मागच्या वेळी मी गमतीत बोललो," तो म्हणाला. "आमच्याकडे बायकोबद्दल असं बोलायची पद्धत आहे."

"गंमत," सेकिने-सान म्हणाले. पेनाचा आवाज आला. "मग खरं काय आहे?"

अंबरीषचं जपानी ऑफिसातलं आहे. मीटिंगचं, मशीन बंद पडल्याचं, उशीर झाल्याबद्दल माफीचं. त्यात फुलवून सांगायला जागा नसते. तो एकेक वाक्य आणून ठेवल्यासारखा बोलायला लागला.

"ती रविवारी केंद्रातून येते. आल्यावर थोडा वेळ बोलत नाही. रागाने नाही. हात धुते. कांदा चिरते. सावकाश चिरते. मी तेव्हा तिथेच टेबलापाशी बसतो. हातात फोन असतो, पण मी बघत नसतो. माझ्या डोक्यात आठवडाभर आवाज चालू असतात. ते तेव्हा थांबतात. मुलगीपण तिथे येऊन बसते. तिलाही कुणी बोलावलेलं नसतं."

मी इतकी वर्षं समजत होते की तो फोन बघतोय.

"त्या रागावत नाहीत?"

"रागावते. गेल्या आठवड्यात रागावली. चूक माझी होती. मी इथे, तुमच्यापुढे, तिच्याबद्दल वाटेल ते बोललो. शेजारी त्रास नको म्हणून आम्ही हळू भांडलो."

"हळू?"

"कुजबुजत."

मग सेकिने-सान म्हणाले, "कुजबुजत भांडता येतं?"

"फार कठीण आहे. करू नका."

ही गंमत होती. पण या वेळी पेनाचा आवाज आला नाही. त्याऐवजी नाकातून सुटलेल्या हसण्यासारखं काहीतरी आलं, आणि लगेच माफी.

"एक शेवटचं. पत्नीकडे पिस्तूल असेल, याची आपल्याला भीती वाटते का?"

"नाही." मग तो थांबला. "मला भीती वेगळी वाटते. तुम्ही नाही म्हणालात तर ती म्हणेल, चालेल. आणि खरंच चालवून घेईल. आमच्या लग्नाच्या वेळी तिने हे एकदा सोडलं. मी सोड म्हणालो नव्हतो. पण सोडू नकोस, असंही म्हणालो नव्हतो. ते मला पुन्हा बघायचं नाही."

पाण्यात माझा हात गार पडला होता. मी तो बाहेर काढून पुसला, चहा ओतला आणि दार सरकवलं. सेकिने-सान उभे राहिले, वाकले आणि म्हणाले, चहा घेता येत नाही, नियम आहे, वासावरून फार छान वाटतो. अंबरीष माझ्याकडे बघत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते.

ते गेल्यावर तो म्हणाला, "ऐकलंस?"

"दार कागदाचं आहे."

"म्हणजे आता मराठीत परत सांगायची गरज नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. दोन्ही कप आम्हीच प्यायलो.


(हा आकडा अजून लावलेला नाही)

साकुराची फुलं झडून झाडं हिरवी झाली तेव्हा परवाना आला. पिस्तूल आलं ते मी आधी ठाण्यात दाखवायला नेलं. सेकिने-साननी नंबर जुळवला, लांबी मोजली, आणि मग आम्हा दोघांना समोर बसवून नियम सांगितले. पिस्तुलाला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. नवऱ्याने नाही, मुलीने नाही.

"धरून बघायचंसुद्धा नाही?" अंबरीषने विचारलं.

"नाही."

"लांबून?"

"बघायला हरकत नाही."

आणि कपाटाची किल्ली. ती कुठे असते ते फक्त मला माहीत हवं. घरातल्या दुसऱ्या कुणालाही कळता कामा नये. सेकिने-सान हे सांगताना अंबरीषकडे बघून म्हणाले, "कृपया आपण शोधू नका."

"नाही शोधणार," अंबरीष म्हणाला, आणि शपथ घेतल्यासारखे हात मांडीवर ठेवले.

घरी आलो. काळी पेटी टेबलावर उघडली. लाकडी मूठ, बारीक नळी. अंबरीष आणि अक्षया हात पाठीमागे बांधून वाकून बघत होते, संग्रहालयात बघतात तसे.

"चीसाई," अक्षया म्हणाली. म्हणजे, लहान आहे.

"छोटंच असतं गं."

"आणि एवढ्यासाठी मी पोलिसांसमोर रडायचा बाकी होतो," अंबरीष म्हणाला.

मी पेटी बंद केली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं. किल्ली हातात. मागे वळले तर दोघं तिथेच उभे.

"आता तुम्ही जा," मी म्हटलं.

"कुठे?"

"कुठेही. मला ही लपवायची आहे."

अंबरीषने अक्षयाचा हात धरला. "चल, कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातून आईस्क्रीम आणू. सरकारचा हुकूम आहे." बूट घालताना तो मुद्दाम खूप आवाज करत होता, म्हणजे मला कळावं की ते खरंच जातायत. दार लागलं. जिन्यावर पावलं उतरली.

मी घरात एकटी उरले, हातात एवढीशी किल्ली. डाळीचा डबा? अंबरीष खिचडी करतो. देवघर? अक्षया दिवा लावते. पुस्तकांमागे? पडदा? मी एक खुर्ची घेतली, त्यावर चढले, उतरले, दुसरीकडे नेली. या घरातला एकेक कोपरा कुणाच्या हाताखालचा आहे ते मी पहिल्यांदाच मोजत होते. सगळे कोपरे तिघांचे निघाले. अजून जागा सापडली नव्हती आणि मला हसू येत होतं.

तेवढ्यात खालून आवाज आला. ते कधीच परत आले होते, जिन्याच्या तळाशी उभे असणार. अक्षया लपाछपीत जपानी मुलं ओरडतात तशी, सूर लावून, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडली, "मोऽऽ ई काऽऽई?" झालं का?

"मादा दा योऽऽ!" मी खुर्चीवरून ओरडले. अजून नाही!

"आईस्क्रीम वितळतंय!" हा अंबरीष, मराठीत.

"वितळू दे!"

शेजारी होन्मा-सानचं बाल्कनीचं दार सरकलं. मी खुर्ची उचलली आणि पुढच्या खोलीत नेली.